कपाट घ्यावें तें कसें?

लग्नसराई संपून नव्या सुनेचे कपडे ठेवण्याचा प्रश्न उभा राहिला, किंवा मुलानें निराळें बिऱ्हाड मांडलें, म्हणजे घरांत कपाटाची गोष्ट निघते. पूर्वीं ती सुतारापाशीं जाऊन संपत असे. हल्लीं ती दुकानाच्या झगमगाटांत किंवा हातांतील फोनवरच्या चित्रापाशीं संपते. चित्रांत सर्वच कपाटें गुळगुळीत व ताठ उभीं असतात. दहाव्या वर्षींही ताठ उभें राहील तें कोणतें, हें मात्र चित्र सांगत नाहीं. तें ओळखावें कसें, याचा थोडा विचार आम्ही या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

आरंभीं शब्दाविषयीं दोन अक्षरें. संस्कृतांत 'कपाट' म्हणजे दाराची फळी. अमरकोशांत हाच अर्थ दिला असून आपलें 'कवाड' त्यावरूनच आलें आहे. मराठीनें दाराचें नांव सबंध वस्तूस दिलें; परंतु गिऱ्हाइकानें दार पाहूनच सबंध वस्तु पसंत करावी, असा त्याचा अर्थ नव्हे. दार हें कपाटाचें तोंड होय. त्याची प्रकृति कळते ती सांध्यांवरून, पाठीवरून आणि फळीच्या कापलेल्या कडेवरून.

खोक्यांत सुटे भाग भरून येणारीं स्वस्त कपाटें आतां घरोघर दिसतात. वस्तु सुटी करून नेणें यांत वाईट कांहींच नाहीं. आपल्या जुन्या घरांतले मच्छरदाणीचे पलंगही सुटे करून गाडींतून नेतां येत. स्वीडनमधील आयकिया कंपनींत १९५६ सालीं मोटारींत मावेना म्हणून एका मेजाचे पाय काढले, आणि तेथून सपाट खोक्यांची तिची पद्धत रूढ झाली, अशी हकीकत सांगतात. तिचें दुकान २०१८ सालीं हैदराबादेस व २०२० सालीं नव्या मुंबईंत निघालें. सारांश, सुटेपणा हा सोयीचा गुणच आहे. दोष असतो तो स्वस्त मालाच्या पोटांत.

हें पोट बहुधा भुशाचें असतें. लांकडाचे बारीक कपचे चिकट राळेंत कालवून दाबले म्हणजे पार्टिकल बोर्ड होतो. तंतु सुटे करून दाबले म्हणजे एम.डी.एफ. होतो. वर लांकडाच्या रेषा छापलेला पातळ पापुद्रा चिकटविला कीं तो सागवानासारखा दिसूं लागतो. कोरड्या जागीं हलक्या ओझ्यास तो चालेल. परंतु आपल्या घरांत फरशी रोज ओल्या फडक्यानें पुसली जाते. तळच्या कडेंतून पाणी शिरलें कीं ही फळी फुगते, आणि वाळल्यावरही पूर्ववत् होत नाहीं. शिवाय तिच्यांतील स्क्रू एकदां काढून त्याच भोकांत पुन्हां बसविला तर पहिली पकड राहत नाहीं. ज्याची नोकरी बदलीची, त्यानें ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी.

यापेक्षां प्लायवुड बरें. त्यांत लांकडाचे पातळ थर एकाआड एक उभे व आडवे चिकटविलेले असल्यामुळें तें स्क्रू धरून ठेवतें व सहसा वांकत नाहीं. मात्र फळीवरील मानकाची खूण वाचावी. ३०३ हा क्रमांक सामान्य प्लायवुडाचा. त्यांत एम.आर. ही प्रत दमट हवा सोसते, पाणी नव्हे, बी.डब्ल्यू.आर. ही प्रत पाण्यास अधिक टिकते. ७१० हा क्रमांक जहाजी प्लायवुडाचा. कोंकणांत, किंवा जेथें पावसाळ्यांत भिंतीला ओल येते तेथें, पहिल्या प्रतीवर विसंबूं नये.

सागवान सर्वांत चांगलें हें खरें. पण सगळें सागवान सारखें नसतें. वाळवीला दाद देत नाहीं तो खोडाचा आंतला तपकिरी गाभा. बाहेरच्या फिकट लांकडांत तें बळ नाहीं, आणि रंग चढविल्यावर दोहोंतला भेद दिसत नाहीं. म्हणून पॉलिश होण्यापूर्वींच माल पाहावा. लांकूड नीट वाळलेलें असावें. ओलें लांकूड पुढें आकसतें आणि दारें लागत नाहींत. जुने वाडे पाडतांना निघालेलें सागवान मिळाल्यास सोडूं नये. तें मुरलेलें असतें. फक्त जुने खिळे व किडीचीं भोकें तपासून घ्यावीं. लोखंडी कपाटाला वाळवीचें भय नाहीं. गोदरेज यांनीं अशीं कपाटें १९२३ पासून केलीं, आणि महाराष्ट्रांत कोणत्याही लोखंडी कपाटास तेंच नांव पडलें. समुद्रकांठीं मात्र त्याचा तळ गंजतो, तेवढें पाहावें.

आतां परीक्षा. दारें उघडून कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला हलकेंच रेटावें. चौकट तिरपी होऊन करकरली तर पाठ नांवापुरतीच आहे असें समजावें. चार बाजूंची आकृति सहज कलते. तिला काटकोनांत धरून ठेवते ती पाठ. ही पाठ खिळ्यांनीं ठोकलेल्या पुठ्ठ्यासारख्या पत्र्याची नसावी, खांचेंत बसविलेली असावी. मग दोरीनें चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले पाहिजेत. फळीचें गणित तर शाळेंतल्या मुलासही कळेल. वजन तेंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा वांक आठपट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो आठवा हिस्सा राहतो. म्हणून नऊवारी लुगड्यांच्या चळती ठेवावयाच्या तर लांब फळीला मध्यें आधार मागावा. कपडे टांगावयाचे असतील तर खोली बावीस ते चोवीस इंच हवी. खालीं केरसुणी फिरेल इतके उंच पाय असावे. ओल व वाळवी या दोहोंवर लक्ष ठेवण्यास त्यांचा उपयोग होतो.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटीं ठेवली आहे. कारण तींत पैशाचा नव्हे, मुलांचा प्रश्न आहे. खण पायऱ्यांप्रमाणें ओढून लहान मूल वर चढतें. भार पुढें येतो आणि कपाट त्याच्या अंगावर पडतें. अमेरिकेंत अशा अपघातांत बालकें दगावल्यावर २०१६ सालीं एका मोठ्या कंपनीस सुमारें २ कोटी ९० लक्ष खणांचीं कपाटें परत मागवावीं लागलीं, आणि २०२२ सालीं तेथें याविषयीं कायदा झाला. कपाट जड सागवानी असलें म्हणून ही भीति टळते असें नाहीं. जड वस्तु तळच्या खणांत ठेवावी, आणि लोखंडी काटकोनी पट्टीनें कपाटाचा माथा भिंतीस जखडावा. स्क्रू गिलाव्यांत नव्हे, विटेंत गेला पाहिजे. ज्या घरांत नातवंडें बागडतात, तेथें हें काम उद्यांवर टाकूं नये.

राहिला किमतीचा प्रश्न. समजा, दहा हजारांचें कपाट पांच वर्षें टिकलें व चाळीस हजारांचें चाळीस वर्षें टिकलें. पहिलें सालीना दोन हजारांस पडलें, दुसरें एक हजारास. अर्थात् दोन वर्षांकरितां भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या विद्यार्थ्यानें कर्ज काढून सागवान घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्याला भुशाची फळीही पुरे. परंतु जें कपाट एका सुनेच्या हातून पुढच्या सुनेच्या हातीं जावयाचें, तें घेतांना घरच्या मंडळींनीं दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावे: आंत लांकूड कोणतें, आणि पाठ कशी बसविली आहे? उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या दुकानांतून उठून यावें. कपाटावांचून आणखी एक महिना काढतां येतो.