बार मोठा म्हणजे काम मोठं?

मंडळी, आजचा विषय बार. शनिवार असल्यामुळे कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर जे आलं ते जरा बाजूला ठेवा. हा बार म्हणजे चेनसॉची लांब पोलादी पट्टी, जिच्या कडेच्या खाचेतून साखळी पळते ती.

आपल्या आयटीवाल्या जमातीला सध्या 'लाइव्ह एज' टेबलांचं वेड लागलंय. कडेचा मूळ आकार तसाच ठेवलेली अखंड फळी, वर रेझिन, खाली लोखंडी पाय. मग कुणाच्या तरी आजऱ्याच्या मामांच्या परड्यात पावसात फणस आडवा झालेला असतो. व्हिडिओ बघून झालेलेच असतात. लगेच ऑनलाइन शोध सुरू: चेनसॉ, ५८ सीसी, २२ इंची बार. त्यात एखादा वीर असतोच, "भावा, घ्यायचाच तर ३६ इंची घे, नाद खुळा!"

मला या ३६ इंची मानसिकतेचाच राग आहे. बारच्या लांबीपासून सुरुवात करणं म्हणजे शुद्ध येडेपणा. लांबी ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट. आधी फळी कशी हवी ते, मग ओंडका, मग इंजिन, मग साखळी, आणि या सगळ्यातून जो उरतो तो बार. विकणारे नेमकं उलटं सांगतात, कारण इंच फोटोत दिसतात. मोबाइल घेताना फक्त मेगापिक्सेल विचारणारे आपणच की!

चेनसॉ हे मुळात लाकूड आडवं कापायचं यंत्र. ओंडका लांबीत चिरून फळ्या काढायच्या म्हणजे दातांना तंतूंच्या तोंडावर भिडावं लागतं, आणि ते फार जड काम. सुताराला हे शिकवावं लागत नाही, उभ्या चिरेची आणि आडव्या कापाची करवत तो वेगळ्या दातांची ठेवतो. साखळीचंही तेच. नेहमीच्या साखळीच्या दातांना २५ ते ३५ अंशांचा कोन असतो, चिरायच्या साखळीला साधारण १० अंशांचा. पण पन्नास हजाराचं मशीन घेणारा माणूस साखळी मात्र डब्यातून निघाली तीच चालवतो आणि वर म्हणतो, "फळी खरखरीत येते रे."

इंजिनचं गणित तर अजून सरळ आहे. चिरताना बार ओंडक्याच्या पूर्ण रुंदीत रुतलेला असतो आणि मशीन सलग काही मिनिटं फुल थ्रॉटलवर. ढोबळ हिशोब असा, की १८-२० इंच रुंदीपर्यंत ६० ते ७० सीसी, आणि ३० इंचाच्या पुढे ९० सीसी किंवा जास्त. ५८ सीसीला ३६ इंची बार लावला तर साखळीचा वेग पडतो, ऑइल पंपाचं तेल टोकापर्यंत पुरत नाही, माणूस वैतागून जोर लावतो. मग एक तर इंजिन सीझ, नाहीतर साखळी उतरून अंगावर. यात कसली आली मर्दुमकी?

आता मामांचा फणस घ्या. घेर ७ फूट, म्हणजे ८४ इंच. ३.१४ ने भागा, व्यास जवळपास २७ इंच. बारवर बसणारी मिलची चौकट (अलास्कन मिल म्हणतात ती) ४ ते ६ इंच खाते. म्हणजे अखंड फळीसाठी ३२-३३ इंच हवेत, बाजारात ३६. बघा, वीर बरोबर होता, असं वाटतंय ना? थांबा. ती २७ इंची अखंड फळी हवीच कशाला? लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यातून सालीकडे आकसतं. त्यामुळे ओंडक्याचा मधला बिंदू असलेली रुंद फळी हमखास तडकते किंवा वाकते. इंचभर जाडीला वर्षभर वाळवणं असा जुना हिशोब आहे, त्यात आपला पावसाळा. तोच ओंडका मधोमध फोडून १२-१३ इंची फळ्या काढल्या तर त्या सरळ राहतात, आणि त्याला १८-२० इंची बार पुरतो. टेबलाला दोन फळ्या जोडा, आपले सुतार पिढ्यान् पिढ्या तेच करत आलेत.

शिवाय भुसा. पूर्ण आकाराच्या ३/८ साखळीची चीर सुमारे ९ मिमी, लो-प्रोफाइलची ६-७. इंचाच्या फळ्या काढताना ९ मिमीच्या चिरेने जवळजवळ चौथा हिस्सा लाकूड जमिनीवर जातं. वखारीतल्या बँडसॉची चीर २-३ मिमी. त्यामुळे ट्रक ओंडक्यापर्यंत जात असेल तर चेनसॉचा हट्ट सोडा आणि गुमान वखारीत जा. मिल खरी कामाची गगनबावड्याच्या उतारावर, किंवा शहरातल्या त्या झाडांना, ज्यांच्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सचे इतके खिळे असतात की वखारवाला हातच लावत नाही. (खिळे तुमचीही साखळी खातात. आधी मेटल डिटेक्टर फिरवा.)

दुकानात "ही सगळ्याला बसते" असं ऐकलं की तिथून निघा. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून दोनने भागा, ती पिच. ५८ सीसीवाल्या स्वस्त मशीनवर बहुधा ०.३२५ असते, आणि ३/८ म्हणजे ०.३७५. स्प्रॉकेट एका पिचचा आणि साखळी दुसऱ्या पिचची हे चालत नाही. मग गेज, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी: ०.०५०, ०.०५८ किंवा ०.०६३ इंच. ०.०५८ च्या खाचेत ०.०५० ची साखळी बसते खरी, पण डुलते, आणि फळीवर लाटा उठतात. तिसरा आकडा कड्यांचा. तिन्ही आकडे बहुतेक बारवर कोरलेले असतात, वाचायचे कष्ट घ्या. चौकट उद्यमनगरात चौकोनी पाइपची करून मिळेल, पहिल्या चिरेला वर ॲल्युमिनियमची सरळ शिडी बांधली की झालं.

आणि झाड अजून उभं असेल तर हे सगळं बंद ठेवून आधी परवानगी. शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, बाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा. झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी!