सातबारा एकाचा, घाम दुसऱ्याचा



काही वर्षांपूर्वी मस्कतमध्ये एका शुक्रवारी माझ्या भारतातील बँक खात्यात पीकविम्याची रक्कम जमा झाल्याचा संदेश आला. बीड जिल्ह्यातील आमच्या तीन एकरांतील सोयाबीन करपले होते. ते सोयाबीन मी पेरले नव्हते. शेत बटईने दिलेले. बियाणे, खत आणि राबणूक बटईदाराची. सातबारा आणि आधारसंलग्न खाते मात्र माझे. नियमानुसार सर्व काही चोख होते, तरी मन स्वस्थ होईना.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरावा आणि त्याच्या हिश्श्याचा उर्वरित हप्ता राज्य शासनाने द्यावा, अशी योजना आली. आदल्या खरिपातील सुमारे ९६ लाख अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांवर गेली. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. शेतकऱ्याचा एक रुपया आणि केंद्राचे ४० रुपये या हिशेबातच गैरव्यवहाराचे बीज होते. शासकीय व देवस्थानांच्या जमिनींवर विमे उतरले. कांदा नसलेल्या शेतात कागदोपत्री कांदा उगवला.

२०२५ च्या खरिपापासून ही योजना बंद झाली. आता शेतकरी खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरतो. म्हणजे ५० हजारांच्या संरक्षणास कमाल एक हजार रुपये. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. हे उपाय आवश्यकच होते. परंतु खर्च कमी करताना स्थानिक आपत्तीचे संरक्षणही वगळले गेले आणि भरपाई मंडळातील पीककापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पादनावर ठरू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली, तेव्हा या बचतीची किंमत कोणी मोजली, हे दिसले.

संगणक प्रणाली तपासताना आम्ही दोन चुका मोजतो : खोट्याला आत घेणे आणि खऱ्याला बाहेर ठेवणे. पीकविम्याच्या चर्चेत पहिलीच चूक मोजली जाते. बटईदाराला विमा उतरवायचा तर नोंदणीकृत भाडेकरार हवा. कुळकायद्याच्या धास्तीने असा करार फार थोडे मालक करतात. गायरान कसणाऱ्या मराठवाड्यातील आपल्या कित्येक कुटुंबांचे नाव मालकी रकान्यात नाही, म्हणून ओळख क्रमांकही नाही. गायरानावर बोगस विमा उतरवणारा आणि तेच गायरान पिढ्यान्‌पिढ्या कसणारा, या दोघांना ही चाळणी सारखेच बाहेर टाकते. शेतात प्रत्यक्ष कोण राबतो, याची पडताळणी केल्याशिवाय हा भेद कळणार नाही.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा प्रश्न हाच होता : कसणाऱ्याच्या श्रमावर कागदावरील नावाचा अधिकार किती? आज आपल्यापैकी काहींची नावे त्या कागदावर आहेत, ही चळवळीची कमाई आहे. म्हणूनच हा प्रश्न आता आपल्यालाही विचारला पाहिजे. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे शील आपण दर वंदनेला घेतो.

ती रक्कम मी बटईदाराकडे पाठवली. तो फोनवर एवढेच म्हणाला, “दादा, पुढच्या वर्षाचं बियाणं झालं.” त्यानंतर आम्ही साधा लेखी करार केला : विम्याचा हप्ता मी भरायचा, भरपाई त्याची. नोंदणीकृत करार करण्याचे धाडस मी अजून केलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. ज्यांची शेती गावी बटईने दिली आहे, त्या वाचकांनी येत्या पेरणीपूर्वी घरी एक फोन करावा आणि भरपाई आली तर ती कोणाची, हे आधीच ठरवून घ्यावे.

जय भीम.