जबलपूरची तिजोरी आणि केंद्राचे देणे

जबलपूर हे केंद्र सरकारच्या मालमत्तेचे शहर आहे. १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ चा लष्करी वाहन कारखाना, छावणी आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय! तरीही शहराची तिजोरी परावलंबी आहे. संघराज्यातील अर्थसत्ता कोणत्या दिशेने वाहते, हे येथे स्पष्ट दिसते.

१९७६ मध्ये मध्य प्रदेशात जकात रद्द झाली. तिच्या जागी राज्याने प्रवेशकर बसविला आणि नगरसंस्था भोपाळच्या भरपाईवर विसंबल्या. १ जुलै २०१७ रोजी प्रवेशकरही वस्तू व सेवा करात विलीन झाला. या कराच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश असून निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजेच सर्व राज्ये एकवटली तरी केंद्राच्या इच्छेविरुद्ध निर्णय होऊ शकत नाही. शहराचा अधिकार राज्याकडे गेला, राज्याचा दिल्लीकडे.

उरला मालमत्ता कर. दुकानदार व घरमालक तो भरतात. केंद्राच्या मालमत्तेला मात्र घटनेच्या २८५ व्या कलमाने माफी आहे. एका सरकारने दुसऱ्यावर कर लादू नये, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. परंतु रस्ते, दिवे व सफाई यांचा खर्च तत्त्वाने भागत नाही. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ठरलेल्या व्यवस्थेनुसार केंद्राने सेवांच्या वापराप्रमाणे मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के सेवाशुल्क द्यावयाचे आहे. हे देणे करारावर न सोडता कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे.

कामगार संघटनांचा विरोध डावलून सरकारने १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखाने सात कंपन्यांकडे सोपविले. सरकारी कंपनीची मालमत्ता ही केंद्राची मालमत्ता नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या कोरबाच्या खटल्यात १९८२ मध्येच दिला आहे. कामगारांपुढे कंपनी म्हणून आणि करापुढे सरकार म्हणून उभे राहण्याचा दुटप्पीपणा चालू देता कामा नये.

प्रश्न एका शहराचा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना देण्याची शिफारस केली. परंतु उपकर व अधिभार त्या वाटणीबाहेरच राहतात. पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने १९७७ च्या निवेदनात एकूण महसुलाचा ७५ टक्के वाटा राज्यांसाठी मागितला होता. उपकर व अधिभार वाटणीत आणा, राज्यांच्या वाट्यातून नगरसंस्थांना हक्काचा हिस्सा द्या, या मागण्यांसाठी कामगारवर्गाने व लोकशाहीवादी जनतेने एकजुटीने उभे राहिले पाहिजे. ज्यांच्यावर सेवांची जबाबदारी, त्यांच्याच हाती साधने असली पाहिजेत.