झुडपी जंगलाची ओळख कोण करून देणार?

वन्यजीवन कोठे पाहावे, असे वर्धा जिल्ह्यातील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाला विचारले, तर बोर हे एकच उत्तर मिळते. ते स्वाभाविकही आहे. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या वनाला प्रवेशद्वार आहे, तिकीट आहे, वाटाड्या आहे. परंतु ज्या रानाला ना फाटक ना रखवालदार, त्याची ओळख आपल्या मुलांना कोण करून देणार?

असे रान विदर्भाला नवे नाही. महसुली दप्तरात त्याची नोंद 'झुडपी जंगल' अशी आहे. बोरी, बाभळी, पळसाची खुरटी झाडे आणि मधूनमधून गवत. गावची गुरे पिढ्यानुपिढ्या तेथे चरली. दिनांक २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी कायद्याच्या दृष्टीने वनच आहेत, असा निर्णय दिला. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत त्यांचे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर असून त्यांत वर्धाही आहे. या जमिनींवर घरे, शाळा, शासकीय कार्यालयेही उभी आहेत. म्हणून १२ डिसेंबर १९९६ पूर्वीचा वापर नियमित करण्याचा मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवला, हे न्याय्यच झाले. प्रश्न आहे तो उरलेल्या रानाचा.

न्यायालयाच्या निकालाने रानाला दर्जा मिळतो, राखणदार मिळत नाही. 'पडीक' म्हणून हिणवलेल्या जागेवर राडारोडा पडला, मुरूम खणला गेला, तरी कोणाला हळहळ वाटत नाही; कारण तेथे काय होते हेच कोणी पाहिलेले नसते.

वर्धेकरांनी मात्र या बाबतीत एक चांगली खूण करून ठेवली आहे. २०१८ साली बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकाराने नागरिकांनी मतदान करून शहरपक्षी निवडला, तो नीलपंख. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो हा चाष. तो घनदाट अरण्याचा रहिवासी नव्हे. शेत, माळ आणि झुडपी रान हेच त्याचे घर. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालानुसार गेल्या सुमारे बारा वर्षांत देशातील नीलपंखांची संख्या ३० टक्क्यांच्या आसपास घटली आहे. शहराने पक्षी निवडला. आता त्याचे घर पाहावयास हवे.

यासाठी उपाय साधा आहे. जाणकाराच्या सोबतीने, विनाशुल्क, सकाळच्या दोन तासांची पदभ्रमंती. शुल्क नसावे, कारण मजुराचे मूल आणि प्राध्यापकाचे मूल एकाच पायवाटेवर चालले पाहिजे. वाटाड्यांत पक्षिमित्र असावा, तसाच गुराखीही असावा. कोणते झाड कधी फुलते हे त्याच्याइतके कोण जाणतो? गर्दीने रानाची नासाडी होईल, ही शंका रास्त आहे. परंतु वीसजणांचा गट, ठरलेली वाट आणि विणीच्या काळात घरट्यांपासून अंतर, एवढी शिस्त आपणांस अशक्य नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज चालणारे लोक होते, म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये तिच्या रक्षणार्थ हजारो नागरिक रस्त्यावर उतरले.

मात्र भ्रमंती ही करमणुकीची सहल ठरू नये. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. प्रत्येक फेरीत पाहिलेले पक्षी, झाडे, पाणवठे त्या नोंदवहीत जावेत आणि ग्रामसभेत वाचले जावेत. उद्या कोणी ती जमीन 'मोकळी' आहे म्हणून मागावयास आला, तर हाच कागद पुढे ठेवता येईल.

पिपरी मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे ही वर्धा शहराला खेटून वाढणारी गावे. येथे मोकळ्या जमिनीची किंमत दरवर्षी चढते आणि रानाची घटते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा सप्ताह आरंभासाठी उत्तम. तलाठ्याकडून गावनकाशा घ्यावा, झुडपी जंगलाचे गट क्रमांक पाहावेत आणि येत्या रविवारीच वाट पाहून यावी. जे आपण पायी पाहिले, त्याच्यासाठीच आपण उभे राहतो.