फोटोंचं काय घेऊन बसलीस?

२२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. पुढचे आठ-दहा दिवस इथल्या बायकांनी चिखल उपसण्यात काढले. सावित्री आणि गांधारीचं पाणी घरात शिरतं ते एकटं येत नाही, वीतभर गाळ ठेवून जातं. त्या दिवसांत एक वाक्य घरोघरी ऐकू यायचं. बाईने फुगलेला अल्बम नाहीतर कॅमेऱ्याची गळती पिशवी हातात घेतली की कुणीतरी म्हणायचं, "अगं, जीव वाचला ना? मग फोटोंचं काय घेऊन बसलीस!" आणि बाई गप्प बसायची. गाद्या, पुस्तकं, धान्य यांच्याबरोबर अल्बम आणि कॅमेराही रस्त्यावरच्या ढिगात जायचा.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. चूल पेटायची आहे, प्यायला पाणी नाही, तिथे फोटोंना कोण विचारतो? तरीही मैत्रिणींनो, मला हे वाक्य पटत नाही. एक तर फोटो ही चैन नाही. दुसरं म्हणजे ढिगात गेलेल्या त्या कॅमेऱ्यातले फोटो बहुतेक वेळा गेलेलेच नसतात. आपण ते घालवतो, आणि तेही घाईने.

पहिल्या मुद्द्याचं आधी बोलू. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूरचं कोंढवी. घरच गाडलं जातं तेव्हा माणसाच्या मागे राहणारी वस्तू म्हणजे त्याचा फोटो. दिवसकार्याला हार घालायला फोटो लागतो, आणि नातवाला आजी कशी दिसायची ते सांगायलाही फोटोच लागतो. आपल्याकडे वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. शिमग्याच्या पालखीत, गौरी-गणपतीत सगळे एकत्र येतात तेव्हाच काय ते फोटो निघतात. एखादीकडे सासूचा लग्नानंतरचा एकच फोटो असतो, तोही कुणाच्या तरी बारशात मागे उभी असलेला. ही चैन म्हणायची?

आता दुसरा मुद्दा, तो जरा सविस्तर सांगते. कॅमेऱ्यातलं ते नखाएवढं कार्ड फोटो कसं ठेवतं? ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घरांची नावं असतात तशी कार्डावर एक नोंदवही असते, अमुक फोटो अमुक जागी आहे अशी. आपण फोटो 'डिलीट' करतो तेव्हा नुसती ती नोंद खोडली जाते. वहीतून नाव खोडलं म्हणून घर काही लगेच पडत नाही. पण जागा मोकळी समजून दुसऱ्याने तिथे नवं घर बांधलं की जुनं गेलं. म्हणजे फोटो पुसला गेला हे लक्षात आल्यावर त्याच कार्डावर नवे फोटो काढत राहणं, हे जुन्या घरावर नवं घर बांधणं. पाच वर्षांच्या लेकराने बटणं दाबून बारशाचे सगळे फोटो उडवले, आणि आई "राहू दे, पुन्हा काढू" म्हणत त्याच कार्डावर केक कापतानाचे फोटो काढते... तिथे खरं नुकसान होतं.

म्हणून पहिलं काम, कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढायचं. मोठ्या कार्डाच्या कडेला एक छोटी खिटी असते, ती खाली सरकवली की कार्डावर नवं काही लिहिलं जात नाही. कार्ड बिघडलं की कॅमेरा विचारतो, 'फॉरमॅट करू का?' त्याला हो म्हणू नका. अगदी हो म्हटलं गेलंच तरी धीर सोडू नका, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत फॉरमॅट म्हणजेही वही कोरी करणंच असतं. मग कार्ड रीडर लावून कॉम्प्युटरवर फोटो शोधायचे. त्यासाठी 'फोटोरेक' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, 'रेकुव्हा'ही आहे. कॉम्प्युटर क्लासला जाणारी मुलगी तासा-दोन तासांत हे शिकते. एवढंच सांभाळायचं की सापडलेले फोटो त्याच कार्डावर परत ठेवायचे नाहीत, कॉम्प्युटरवर नाहीतर पेनड्राइव्हवर घ्यायचे. फोटोंची नावं, तारखांचे फोल्डर बहुधा परत येत नाहीत, नुसत्या आकड्यांच्या नावाने शेकडो फोटो समोर येतात. व्हिडिओ कधीकधी तुटके येतात. मग बसायचं निवडत, तांदूळ निवडतो तसं!

पुरात भिजलेल्या कार्डाचंही तेच. कार्डाच्या आतली माहिती पाण्याने पुसली जात नाही. गाळाने त्याचे पितळी दिसणारे सांधे मात्र गंजतात. ते स्वच्छ पाण्यात हलकेच खळबळायचं, मऊ कापडाने टिपायचं, सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायचं. तव्यावर, शेगडीजवळ, कडक उन्हात नको. ओलं असताना "बघू तरी चालतं का" म्हणून कॅमेऱ्यात घालायचं नाही. कॅमेरा, मोबाईलसुद्धा सुरू करून बघायचे नाहीत. कॅमेऱ्याचे सेल आधी काढायचे. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भिजली असेल तर तिला वीजच द्यायची नाही, ते शहरातल्या जाणकाराचं काम. तो किती घेणार आणि काही निघालं नाही तरी घेणार का, हे आधी विचारायचं.

मोबाईलचं गणित वेगळं आहे. फोनच्या आतल्या मेमरीतून कायमचा पुसलेला फोटो आजच्या फोनमध्ये सहसा परत मिळत नाही. सगळं कुलूपबंद लिपीत असतं आणि फोन स्वतःच जागा साफ करत राहतो. पण 'कायमचा' जाण्याआधी तो कचराकुंडीत पडलेला असतो. गुगल फोटोजवर चढलेला फोटो तिथे साठ दिवस राहतो, आयफोनमध्ये सुमारे तीस. आधी तिथे बघा. नंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. नणंदेला, मुंबईच्या दिराला, माहेरच्या वहिनीला आपण काय काय पाठवलेलं असतं ते आपल्या लक्षातही नसतं. जो फोटो इथे बुडाला तो डोंबिवलीत कुणाच्या तरी फोनमध्ये सुखरूप असतो.

आणि छापील फोटो? ते तर हातानेच वाचतात. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली, गावंच्या गावं वाहून गेली. तिथे स्वयंसेवकांनी चिखलातून घराघराचे फोटो वेचले, धुतले, दोरीवर चिमटे लावून वाळवले आणि लोकांना ओळखता यावेत म्हणून मांडून ठेवले. फोटो कसे धुवायचे हे शिकवायला फुजीफिल्म ही फोटोची कंपनी पुढे आली होती. ढिगारे उपसणं चालू असतानाच हे झालं, आणि "फोटोंचं काय घेऊन बसलात" म्हणून ते कुणी थांबवलं नाही. रीतही अवघड नाही. स्टुडिओत छापलेला फोटो थंड, स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवायचा, चित्राच्या बाजूला बोट न घासता गाळ सुटू द्यायचा, चित्र वर ठेवून वाळवायचं. एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळू द्यायचे नाहीत, वाळले की ते सुटत नाहीत. सवड नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवायचे, पुढे सावकाश धुता येतात. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई निघून जाते. आणि अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढण्याआधी त्याचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. फाटला तरी निदान तेवढं राहील.

आता जरा नाजूक गोष्ट, पण बोलायला हवी. हरवलेले फोटो शोधताना कार्डावर होतं ते सगळंच वर येतं, आपण मुद्दाम पुसलेलंसुद्धा. म्हणून कार्ड दुकानात "उद्या येते न्यायला" म्हणून ठेवून यायचं नाही. शेजारी बसून काम करून घ्यायचं आणि निघताना त्याच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर आपल्यासमोर पुसायला लावायचा. दुकानदार ओळखीचा असला तरी! संकोच वाटतो, कळतं मला, पण सोबत मैत्रिणीला न्या. जुनं कार्ड कुणाला देताना, विकतानाही हेच लक्षात ठेवा. पुसलं म्हणजे गेलं असं नाही, हे आपल्यासारखंच दुसऱ्यालाही ठाऊक असतं.

हीच गोष्ट कधी बाईच्या उपयोगाची ठरते. अंगावरच्या वळांचे फोटो काढावेत आणि नवऱ्याने ते पुसून टाकावेत, असं घडतं. अशा वेळी ते कार्ड स्वतः उघडून बघण्याच्या फंदात पडू नका. बाजूला काढा, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि संरक्षण अधिकाऱ्याला नाहीतर वकिलाला आधी सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा फोटो कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. कार्डाशी कुणी खेळलं नाही हे दाखवता आलं तर तुमची बाजू भक्कम राहते.

घरात २००५-०६ च्या सुमाराचे छोटे डिजिटल कॅमेरे असतील, कुणाच्या भावाने आखातातून आणलेले, तर ते या उन्हाळ्यातच बाहेर काढा. त्यांची कार्डं वेगळ्या घाटाची असतात, त्यांचे रीडर आता शोधावे लागतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ वायर सापडली तर सोपं. वर्षानुवर्षं वापराविना पडलेल्या कार्डातली माहिती हळूहळू विरतेही. फोटो उतरवून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक पुराच्या पट्ट्याबाहेर, माहेरी नाहीतर मुंबईला.

दर पावसाळ्याआधी तहसील कचेरीत तयारीची बैठक होते. होड्या, दोऱ्या, धान्य, औषधं यांची यादी होते, ती हवीच. त्या यादीत आणखी एक ओळ घालायला काय हरकत आहे? आपल्या दोन्ही तालुक्यांत एमएस-सीआयटी झालेल्या कितीतरी मुली घरी आहेत. पाणी ओसरल्यावर चार कॉम्प्युटर, काही कार्ड रीडर, दोन-तीन पराती, दोरी आणि चिमटे एवढ्यावर फोटोंचं मदत केंद्र उभं राहतं. महिला मंडळं आणि बचत गटांनी ते मागून घ्यावं, नाहीतर आपणच चालवावं. जागा मात्र वरच्या मजल्यावरची बघा. महाडच्या बाजारपेठेत पाणी चढलं की तळमजल्यावरचे कॉम्प्युटर आधी जातात. आणि केंद्र सुरू झालं की वाडीवाडीत दवंडीसारखं सांगत फिरा, भिजलेला कॅमेरा ढिगात टाकू नका, तसाच घेऊन या.