‘मुले बघतील’ एवढ्याने भागत नाही



मालमत्तेचे इच्छापत्र अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेले असते. गावाकडच्या घराचे कुलमुखत्यारपत्रही भावाच्या नावे असते. पण शुद्ध हरपली तर व्हेंटिलेटर किती दिवस ठेवायचा, नळीने अन्न द्यायचे की नाही, हे कोण ठरवणार असे विचारले, की उत्तर ठरलेले: ‘मुले बघतील.’ हे उत्तर कायद्याला नेहमी पुरत नाही आणि मुलांवर अन्याय करते. नको असलेले उपचार नाकारण्याचा हक्क अमेरिकेत प्रत्येक सज्ञान रुग्णाला आहे. मात्र रुग्ण बोलू शकत नसेल, तर त्याला काय हवे होते याचा पुरावा लागू शकतो. मिसुरी राज्यातली नॅन्सी क्रूझन १९८३च्या मोटार अपघातानंतर शुद्धीवर आली नाही. अन्न देणारी नळी काढावी ही आईवडिलांची विनंती होती. पण रुग्णाच्या इच्छेचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. पुढे तिच्या जुन्या सहकाऱ्यांनी तिचे बोलणे आठवून साक्ष दिली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. त्याच वर्षी संसदेने कायदा केला: मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी दाखल होणाऱ्या सज्ञान रुग्णाला या हक्काची माहिती द्यायची आणि आपली इच्छा नोंदवणारे वैद्यकीय इच्छापत्र केले आहे का, हे विचारायचे. प्रश्न विचारणे रुग्णालयाचे काम. उत्तर तयार ठेवणे आपले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोणते आजारपण येईल हे आज कुणाला ठाऊक? मग कागदावर लिहिणार काय? म्हणूनच उपचारांच्या यादीपेक्षा आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस नेमणे महत्त्वाचे. त्याला कुठे हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात, कुठे एजंट. नेमणूक नसेल तर बहुतेक राज्यांत आधी जोडीदार, मग सज्ञान मुले असा क्रम लागतो. पण तीन मुलांची तीन मते झाली की खरी अडचण सुरू होते. फ्लोरिडातल्या टेरी शायव्होने काहीच लिहून ठेवले नव्हते. पती आणि आईवडील यांच्यातला वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला, २००५ मध्ये थेट वॉशिंग्टनच्या संसदेपर्यंत गेला. न्यूयॉर्कमध्ये तर २०१०च्या कायद्यापूर्वी नेमणूक नसलेल्या नातेवाइकांना जीवरक्षक उपचार थांबवण्याचा सर्वसाधारण अधिकारच नव्हता.

दुसरी भीती अशी, की कागदावर सही केली म्हणजे डॉक्टर हात आखडता घेतील. प्रॉक्सीचा अधिकार सामान्यतः रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हाच सुरू होतो, आणि शुद्धीत असेपर्यंत कागद केव्हाही बदलता येतो. ‘शक्य ते सगळे करा’ हीसुद्धा इच्छाच आहे. तीही लिहिता येते. उलट, नुसत्या वैद्यकीय इच्छापत्रावर विसंबून रुग्णवाहिकेतले कर्मचारी छाती दाबणे थांबवत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा वेगळा आदेश लागतो. गंभीर आजारी ज्येष्ठांनी त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे. राहिला अशुभ बोलण्याचा प्रश्न. विमा उतरवताना आपण तो विचार बाजूला ठेवतोच.

भारतात राहणाऱ्या आईवडिलांनाही आता हा मार्ग खुला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट उघडली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून. २०१८च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता मिळाली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असल्याने ते करणे अवघड होते. २०२३ मध्ये दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले. प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती मात्र लागतेच. तिथला कागद इथल्या रुग्णालयात जसाच्या तसा चालेल असे धरून चालू नये. सहा-सहा महिने दोन्हीकडे राहणाऱ्यांनी दोन्हीकडचे कागद करावेत.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत यासाठी वकील लागत नाही. राज्याचा अर्ज विनामूल्य मिळतो. साक्षीदार किंवा नोटरी यांचा नियम तेवढा पाहून घ्यावा. एक व्यक्ती नेमा, तिच्या गैरहजेरीसाठी दुसरी नेमा, आणि प्रत डॉक्टरांकडे द्या. ज्या मुलाला नेमले नाही त्यालाही कारण आत्ताच सांगून ठेवा. रुग्णालयातले वाद बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

– संपादक