सुलभक की नुसता बघ्या?

शिक्षक आता शिक्षक राहिला नाही म्हणे, तो 'सुलभक' झाला! 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ही कल्पना प्रशिक्षणवर्गांतून घुमते आहे, आणि 2020च्या धोरणानंतर तर तिला ऊतच आला आहे. शब्दाशी माझे भांडण नाही. त्याच्याआड अंग काढून घेतले जाते, त्याच्याशी आहे.

फळ्यावर विषय लिहायचा आणि 'सोमवारी आणा' म्हणायचे, झाला प्रकल्प. रविवारी रात्री आई थर्माकोल कापते, बाबा गूगलवरची चित्रे छापून आणतात, मूल पेंगते. सोमवारी सही, दहापैकी आठ गुण. आम्ही कारकूनसुद्धा शेरा मारण्यापूर्वी फाईल निदान उघडतो हो!

दुखणे शाळेपुरते नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांबरोबर इंजिनीअरिंगच्या मुलांना तयार प्रोजेक्ट विकणारेही भेटतात. त्याच नावाचा रस्ता हुबळीतही आहे. 1903 ते 1907 मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनची ही आठवण. हुबळी 1956पर्यंत मुंबई राज्यातच होती. पण हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून विद्यानगरकडे गेलात तर वेगळेच काही दिसेल. तिथले 1947 सालचे बीव्हीबी कॉलेज आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे 'इंजिनीअरिंग एक्सप्लोरेशन' हा विषय प्रकल्पांतून शिकवतात, आणि तो शिकवायला वेगवेगळ्या शाखांचे प्राध्यापक एकत्र येतात. 'मुले आपापली शिकतील' म्हणणाऱ्यांनी एका विषयामागे उभी केलेली ही माणसे मोजावीत.

आपल्याकडचे बघा. 'खाजन शेती' हा विषय द्यायला सोपा. पण मुलांना बांधावर नेले तर? भरतीला मानशीची दारे आपोआप का मिटतात? कोरगूट खाऱ्या मातीत कसा तगतो? बांध फुटला तर दुरुस्ती कोणी करायची, कोमुनिदादीने की कुळांनी? हे प्रश्न मुलांनी विचारावेत असे वाटत असेल तर ते आधी मास्तरांना पडलेले हवेत. मूल चुकत असताना उत्तर गिळून बसायचे, पण ते पार भरकटण्यापूर्वी 'परत ओहोटीला येऊन बघ' म्हणायचे, याला व्याख्यानापेक्षा जास्त अभ्यास लागतो. प्रकल्पपद्धतीवरचा किलपॅट्रिकचा गाजलेला लेख 1918चा. त्याचे गुरू जॉन ड्युई यांनी 1938 साली बजावलेच होते की नव्या पद्धतीत शिक्षकाचे काम हलके होत नाही, अवघड होते. आपण ड्युईंचे नाव घेतले आणि नेमके हेच गाळले.

मास्तरांनाच झोडपून मोकळे होणे मात्र अन्यायाचे. वर्गात चाळीस मुले, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27नेच जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीची कामे त्यांच्या गळ्यात घालायला वाट ठेवलेली. त्यात दोन दिवसांचे प्रशिक्षण, चहा-सामोसा, हजेरीपटावर सही, की झाला सुलभक तयार!

खात्याला खरेच सुलभक हवे असतील तर आधी वेळापत्रकात प्रकल्पासाठी सलग दोन तासिका द्या, बांधावर जायला बस द्या, आणि ते थर्माकोल शाळेच्या फाटकातच अडवा.